‘ठेवू का मग?’ : साध्या बोलण्याचा विद्यापीठातला अभ्यास

पुढच्या वेळी आईचा किंवा मावशीचा फोन आला, की तो संपतो कसा याकडे लक्ष द्या. सांगण्यासारखं सगळं सांगून झालेलं असतं. मग कुणीतरी म्हणतं, “बरं.” पलीकडून येतं, “हं, बरं मग.” “ठेवू का मग?” “हो, ठेव. आणि गोळ्या घे वेळेवर.” “घेते गं.” “बाबांना सांग मी फोन केला होता म्हणून.” “सांगते.” “चल.” “चल, ठेवते.” एवढं झाल्यावर कुठे फोन बंद होतो. यातल्या फेऱ्या गाळून, काम झाल्याबरोबर फोन ठेवून पाहा. पलीकडून लगेच पुन्हा फोन येईल, “काय गं, कट झाला का?” किंवा फोन येणार नाही, पण मनात राहील, रागावली वाटतं.

हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. शाळेत ‘फोन बंद करण्याचे नियम’ असा धडा नव्हता. तरी नियम आहेत, आणि मोडले की लगेच कळतं. इमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वी सॅक्स या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९७३ साली संभाषण संपतं कसं, एवढ्याच प्रश्नावर एक मोठा शोधनिबंध लिहिला. त्यांनी मांडलेली अडचण साधी आहे. गप्पांमध्ये एक थांबला की दुसऱ्याने बोलायचं असतं. मग दोघंही थांबलेत, आणि ती शांतता कुणाला खटकत नाही, अशा जागी दोघांनी एकाच वेळी पोचायचं कसं? उत्तर त्या ‘बरं’मध्ये आहे. ‘बरं’ म्हणणारा आपली पाळी जवळजवळ रिकामी सोडतो. माझ्याकडे नवं काही नाही, तुझ्याकडे असेल तर आत्ता सांग. पलीकडच्यानेही ‘हं, बरं’ म्हटलं की दार उघडलं. आणि कितीतरी वेळा नेमक्या याच फटीतून खरी गोष्ट बाहेर येते, “अगं हो, एक सांगायचं राहिलंच...”

माणसं एकमेकांशी बोलताना प्रत्यक्षात काय करतात, हे इतक्या बारकाईने पाहणारा अभ्यास जगभरातल्या विद्यापीठांमध्ये चालतो. तो मराठी वाचकापर्यंत फारसा पोचलेला नाही, म्हणून हा लेख.

मासकॉम नव्हे, भाषणकलाही नव्हे

‘कम्युनिकेशन शिकतोय’ असं कुणी म्हटलं की आपल्याकडे दोनच चित्रं डोळ्यांसमोर येतात. एक मासकॉम, म्हणजे पत्रकारिता, जाहिरात, कॅमेरा. दुसरं व्यक्तिमत्त्व विकासाचा वर्ग, म्हणजे आत्मविश्वासाने कसं बोलावं, हात कुठे ठेवावेत, मुलाखतीत नजर कुठे असावी. विद्यापीठांनी ‘संज्ञापन’ हा शब्द रुळवला, पण तोही जनसंज्ञापनाच्या, म्हणजे माध्यमांच्या बाजूला झुकलेला राहिला. दोन माणसांमधलं बोलणं हा अभ्यासाचा विषय असू शकतो, हे ऐकून लोक थबकतात. त्यात शिकायचं काय, ते तर सगळ्यांनाच येतं! श्वास घेणंही सगळ्यांना येतं, तरी फुप्फुसांचा अभ्यास करावाच लागतो.

अमेरिकेत या विषयाची सुरुवात खरोखरच भाषणकलेतून झाली. १९१४ साली वक्तृत्व शिकवणारे १७ शिक्षक इंग्रजीच्या शिक्षकांच्या परिषदेतून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची संघटना काढली. बोलणं ही लिहिण्याची धाकटी बहीण नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे दुसऱ्या महायुद्धात प्रचाराचा अभ्यास सुरू झाला, मग रेडिओ, दूरचित्रवाणी आली, आणि १९४८ साली बेल कंपनीच्या प्रयोगशाळेतले गणिती क्लॉड शॅनन यांचा प्रसिद्ध निबंध आला. मासकॉमच्या पहिल्या वर्षाला बसलेल्या प्रत्येकाने तो चौकोनांचा नकाशा वहीत काढलेला असतो : स्रोत, प्रेषक, वाहिनी, गोंगाट, ग्राहक.

त्या नकाशाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण घोळ तिथून सुरू होतो. शॅनन यांच्यापुढचा प्रश्न टेलिफोनच्या तारांचा होता. कमीत कमी चुकांसह संदेश या टोकापासून त्या टोकाला कसा न्यायचा? संदेशाचा अर्थ काय, याच्याशी या अभियांत्रिकी प्रश्नाचा संबंध नाही, असं त्यांनी निबंधाच्या सुरुवातीलाच स्पष्ट लिहिलं होतं. पुढे तोच नकाशा माणसांना लावला गेला आणि बोलणं म्हणजे पार्सल पोचवणं, अशी समजूत पक्की झाली. मी बांधलं, पाठवलं, तुम्ही सोडलं. ऐकणारा नुसता घेणारा.

आपल्या आज्ज्यांना हे कधीच पटलं नसतं. गोष्ट सांगताना त्या नातवंडांकडून हुंकार मागून घेत. “हूं म्हण, नाहीतर मी नाही सांगत.” कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या जॅनेट बाव्हेलास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग नेमका याबद्दल आहे. एकाने आपल्यावर बेतलेला, थोडक्यात निभावलेला प्रसंग सांगायचा आणि दुसऱ्याने ऐकायचा. काही ऐकणाऱ्यांना गुपचूप एक वेगळंच काम दिलं होतं : सांगणाऱ्याच्या बोलण्यात ‘टी’ अक्षराने सुरू होणारे शब्द मोजा. हे लोक कान देऊन ऐकत होते, पण गोष्ट ऐकत नव्हते. त्यांच्या तोंडून योग्य जागी “अरे बाप रे” निघेना, चेहऱ्यावर दचकणं उमटेना. परिणाम सांगणाऱ्यांवर झाला. त्यांच्या गोष्टी बिघडल्या, विशेषतः शेवट. कुणी तो घाईने गुंडाळला, कुणी तोच तोच पुन्हा सांगत राहिला. हुंकार नसेल तर गोष्ट सांगताच येत नाही, हे आजीला ठाऊक होतं.

एका हेल्पलाइनवरच्या टेप

या अभ्यासाच्या अनेक शाखा आहेत. कुणी प्रश्नावल्या वाटतं, कुणी प्रयोगशाळेत मोजमाप करतं, कुणी राजकीय भाषणांची चिरफाड करतं. मला सगळ्यांत जवळची वाटते ती संभाषण-विश्लेषणाची शाखा. वर आलेले हार्वी सॅक्स हे तिचे जनक.

१९६३-६४ मध्ये सॅक्स लॉस एंजेलिसमधल्या आत्महत्या प्रतिबंध केंद्रात काम करत होते. तिथे येणारे फोन ध्वनिमुद्रित होत. केंद्राची एक अडचण होती. फोन करणारे आपलं नाव सांगत नसत, आणि नकार कुठून सुरू होतो ते कळत नसे. साधारणपणे असं व्हायचं, की केंद्रातला माणूस आपलं नाव सांगून विचारायचा, मी काय मदत करू? की पलीकडचाही आपलं नाव सांगायचा. कारण एकाने ओळख दिली की दुसऱ्याने द्यायची, हा रिवाज. पण एका फोनवर पलीकडचा माणूस म्हणाला, “मला ऐकू येत नाही.” केंद्रातल्या माणसाने पुन्हा नाव सांगितलं. त्याने ते नाव उच्चारून खात्री केली आणि बोलणं पुढे गेलं. त्याचं स्वतःचं नाव राहिलं ते राहिलंच.

सॅक्स यांना प्रश्न पडला : त्या माणसाला खरंच ऐकू आलं नव्हतं का? की नाव सांगण्याची जी जागा होती तिथे त्याने ‘ऐकू येत नाही’ ठेवून दिलं? नकार न देता नकार. त्याच्या मनात काय होतं हे कुणालाच सांगता येणार नाही. पण त्या वाक्याने त्या जागी काय काम केलं, हे टेपवर ऐकू येतं. या अभ्यासाचा पाया इथे घातला गेला. मनातला हेतू शोधत बसायचं नाही. कुठल्या जागी काय बोललं गेलं आणि त्यामुळे पुढे काय घडलं, ते पाहायचं. टेपचा आग्रहही त्यातूनच आला. आठवणीतलं बोलणं आपण नकळत नीटनेटकं करून टाकतो. टेप पुन्हा ऐकता येते, आणि दुसऱ्यालाही ऐकवता येते, म्हणजे माझं चुकत असेल तर तो दाखवू शकतो.

सॅक्स पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठात, आधी लॉस एंजेलिसला आणि मग अर्व्हाइनला शिकवत राहिले. त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलं ते थोडकंच. १९७५ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मोटार अपघातात ते गेले. १९६४ ते १९७२ या काळातली त्यांची व्याख्यानं गेल जेफरसन या त्यांच्या विद्यार्थिनीने टेपवरून उतरवून काढली आणि १९९२ मध्ये ती दोन खंडांत आली. या जेफरसनबाई मुळात नृत्याच्या विद्यार्थिनी. टेपवरचं बोलणं ऐकून टंकलिखित करण्याचं काम त्यांनी पूर्वी केलं होतं. त्यांच्या कानाला बोलण्यातली लय दिसली असावी, असं मला वाटतं. आज जगभर बोलणं कागदावर उतरवायला जी पद्धत वापरतात ती त्यांची आहे. दोघं एकदम बोलले तर चौकटी कंस, शांतता सेकंदाच्या दशांशात, हळू आवाजात बोललेल्या शब्दांच्या दोन्ही बाजूंना छोटी वर्तुळं, आत घेतलेला श्वाससुद्धा लिहायचा. एका मिनिटाच्या बोलण्याला सहज तासभर लागू शकतो.

मराठीत हे करताना एक गंमत होते. जेफरसन पद्धतीत लांबवलेल्या स्वरापुढे दोन टिंबं देतात, आणि देवनागरीत ती विसर्गासारखी दिसतात. पण आपल्याकडे अवग्रह आहे! ‘होऽऽ’ आणि ‘हो’ यातला फरक मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. हा एक तुकडा पाहा. तो मी समजावण्यासाठी रचला आहे, पण तुमच्या कानाला ओळखीचा वाटेल :

अ : शनिवारी येणार ना तू बारशाला?
(०.८)
ब : अंऽऽ शनिवारी ना...
अ : की परस्पर रविवारी घरी येतेस?

ब अजून ‘नाही’ म्हणालेली नाही. तिने फक्त सेकंदाचा आठ-दशांश भाग घालवला आणि एक ‘अंऽऽ’ काढला. तरी अ ला नकार ऐकू आला, आणि तिने घाईने प्रश्नच बदलला, असा की आता त्याला ‘हो’ म्हणणं सोपं जावं. होकार पटकन येतो, नकार थांबत, अडखळत, कारणं पुढे करत येतो. म्हणून थांबणं हेच नकाराचं चिन्ह बनतं.

पाव सेकंदापेक्षा कमी

आठ-दशांश सेकंद एवढा बोलका कसा ठरतो? कारण एरवी आपण त्याहून फार लवकर बोलतो. सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन यांनी १९७४ मध्ये पाळीपाळीने बोलण्याची व्यवस्था मांडली. बहुतेक वेळा एका वेळी एकच जण बोलतो, आणि पाळी बदलताना मधली फट किंवा दोघांचं एकदम बोलणं फारच थोडं असतं. पुढे, २००९ साली, नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी १० भाषांमध्ये ही फट मोजली. त्यांत जपानी, डॅनिश, इटालियन, कोरियन, लाओ, मेक्सिकोतली त्सेल्ताल अशा एकमेकींपासून दूरच्या भाषा होत्या. हो-नाही उत्तराच्या प्रश्नांना उत्तर यायला सरासरी लागणारा वेळ साधारण सेकंदाचा पाचवा भाग. जपानी सगळ्यांत चटकन, डॅनिश सगळ्यांत संथ, पण त्या दोन टोकांमध्येही अर्ध्या सेकंदाच्या आतलाच फरक.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. समोर चित्र दाखवून ‘हे काय?’ विचारलं, तर एक शब्द तोंडातून निघायला सुमारे सहा-दशांश सेकंद लागतो. म्हणजे शब्द तयार करायला लागणाऱ्या वेळेच्या तिसऱ्या हिश्श्यात आपण उत्तर देऊन मोकळे होतो. याचा अर्थ एकच निघतो : समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच आपलं उत्तर शिजायला लागलेलं असतं. वाक्य कुठे संपणार याचा अंदाज घेत आपण ऐकतो.

त्या १० भाषांत मराठी नव्हती. पण मराठी माणसाला हा प्रश्न जवळचा वाटायला हवा, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं आणि ‘का’, ‘ना’ तर त्याच्याही नंतर. “तू उद्या सकाळच्या गाडीने पुण्याला निघतोयस...” इथपर्यंत हे विधान आहे की प्रश्न, हे शब्दांवरून ठरलेलंच नाही. ‘का’ लागला की प्रश्न, ‘ना’ लागला की होकाराची अपेक्षा असलेला प्रश्न. तरी “हो, सात वाजता” हे उत्तर ‘का’च्या पाठोपाठ येतं. जपानीतही क्रियापद शेवटी आणि प्रश्नार्थक अव्यय त्याच्या मागे असतं, आणि जपानीच सगळ्यांत चटकन निघाली. सूर, प्रसंग, आधीचं बोलणं यांच्यावरून ऐकणारा बरंच आधी ओळखत असला पाहिजे.

याच संस्थेतल्या दुसऱ्या एका अभ्यासात, ऐकू आलं नाही की लोक काय म्हणतात ते तपासलं. आपण म्हणतो, ‘आं?’ किंवा ‘हं?’. एकमेकींशी नातं नसलेल्या भाषांमध्येही याच ठेवणीचा, एका अक्षराचा, प्रश्नाच्या सुराचा शब्द सापडला. मार्क डिंगमान्स आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या या निबंधाला २०१५ साली इग नोबेल मिळालं. ते पारितोषिक आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. इथे विचार करण्यासारखं बरंच आहे. बोलणं सारखं अडतं, आणि ते चटकन दुरुस्त करण्याचं अवजार प्रत्येक भाषेला लागतं.

पण सगळंच सगळीकडे सारखं नसतं. नकार उशिरा येतो हे आत्ताच सांगितलं. मग मराठी घरातला चहा घ्या. “चहा टाकते.” “नको नको, आत्ताच घेऊन निघालोय.” “अर्धा कप.” “बरं, अर्धा.” इथला पहिला ‘नको’ अजिबात अडखळत नाही, उलट उडी मारून येतो. म्हणजे या जागी नकार हीच रीत आहे, आणि लगेच ‘हो’ म्हणणं हेच कदाचित अवघड जातं. मग खरा ‘नको’ आणि रीतीचा ‘नको’ यजमानीण कशावरून ओळखते? वेगावरून, की दोनदा म्हणण्यावरून, की दिलेल्या कारणावरून? एखाद्या विद्यार्थ्याने सगळ्यांची परवानगी घेऊन घराघरांतले असे तीस-चाळीस चहा ध्वनिमुद्रित केले, तर एम. ए.चा उत्तम प्रबंध होईल. परवानगी हा शब्द मुद्दाम लिहिला. चोरून मुद्रित केलेलं बोलणं या अभ्यासात चालत नाही.

एका शब्दाने काय होतं

हे सगळं ऐकून कुणी विचारेल, उपयोग काय? माझ्या दृष्टीने समजणं हाच उपयोग पुरेसा आहे. तरी एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

डॉक्टरकडे माणूस अनेकदा एकाहून अधिक तक्रारी घेऊन जातो, आणि एक सांगून परततो. जॉन हेरिटेज, जेफ्री रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या २० फॅमिली डॉक्टरांबरोबर केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिली तक्रार ऐकून झाल्यावर डॉक्टरांनी एक जादा प्रश्न विचारायचा. काहींनी इंग्रजीत ‘एनिथिंग एल्स’ असं, काहींनी ‘समथिंग एल्स’ असं. बाकी वाक्य तेच. ‘एनिथिंग’ने काही फरक पडल्याचं दिसलं नाही. ‘समथिंग’ने, मनात असूनही न सांगितल्या जाणाऱ्या तक्रारी ७८ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि तपासणीचा वेळही वाढला नाही. इंग्रजीत ‘एनी’चा ओढा नाहीकडे असतो, ‘सम’चा होकडे. आपल्याकडे “अजून काही नाही ना?” आणि “आणखी काय होतंय?” हे दोन प्रश्न मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्याला ‘नाही’ म्हणणं किती सोपं आहे!

असं नेमकं काही हाती असताना, आपल्याकडच्या व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांत एक चुकीचा आकडा अजून फिरतो याचं मला वाईट वाटतं. ‘संवादाचा फक्त ७ टक्के भाग शब्दांत असतो, ३८ टक्के आवाजात, ५५ टक्के देहबोलीत.’ हा आकडा अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या दोन छोट्या प्रयोगांमधून आला. त्यांत लोकांना टेपवर सुटे शब्द ऐकवले, एका प्रयोगात तर ‘कदाचित’ अशा अर्थाचा एकच शब्द वेगवेगळ्या सुरांत, सोबत चेहऱ्यांचे फोटो. बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही, एवढंच ओळखायचं होतं. शब्द, सूर आणि चेहरा एकमेकांशी जुळत नसतील तेव्हा भावना ओळखताना लोक कशावर विसंबतात, इतकीच त्याची व्याप्ती. हे सूत्र भावनांबद्दलच्या बोलण्यापलीकडे लागू होत नाही, असं खुद्द मेहराबियन यांनीही सांगितलं आहे. आणि शब्दांचा वाटा ७ टक्के असता, तर भाषा येत नसलेल्या गावात आपल्याला ९३ टक्के समजायला हवं होतं.

महाराष्ट्रात यासाठी एका नावाचा विभाग शोधू नका. वाटा विखुरलेल्या आहेत. पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि मुंबई विद्यापीठ इथे भाषाशास्त्र शिकता येतं. समाजशास्त्र आणि मानसशास्त्राच्या वाटेनेही या विषयात येता येतं. वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत, जी १९८३ पासून श्रवण आणि वाचेच्या क्षेत्रात काम करते, बोलणं बिघडलेल्या माणसांना मदत कशी करायची ते शिकवतात. आणि बोलणं बिघडतं तेव्हाच ते काय आहे हे जास्त उघड होतं, म्हणून शेवटी चिलची गोष्ट.

चिल हे न्यूयॉर्कमधले वकील. १९७९ साली पक्षाघाताने त्यांच्या मेंदूच्या डाव्या भागाला मोठी इजा झाली आणि त्यांच्याकडे तीन शब्द उरले : ‘हो’, ‘नाही’ आणि ‘आणि’. बोलण्यावर पोट भरणाऱ्या माणसाकडे तीन शब्द. त्यांचा मुलगा चार्ल्स गुडविन हा मानवी संभाषणाचा अभ्यासक होता, पुढे लॉस एंजेलिसला प्राध्यापक झाला. त्याने घरातल्या जेवणाच्या टेबलावरची, गप्पांची चित्रफीत घेतली आणि वर्षानुवर्षं तिचा अभ्यास केला.

वैद्यकीय चाचणीत चिल यांना बोलण्याची क्षमता जवळजवळ शून्य, असंच दिसलं असतं, कारण चाचणीत माणूस एकटा असतो. टेबलावर ते एकटे नव्हते. घरातलं कुणीतरी अंदाज करून शब्द पुढे करायचं. ते ‘नाही’ म्हणायचे. पण त्यांच्या ‘नाही’चे सूर अनेक होते : साफ चूक, जवळ आलात, अरे देवा हे कसलं विचारता. दुसरा अंदाज, तिसरा अंदाज, बोट, नजर, आणि मग एक लांब, समाधानाचा ‘होऽऽ’. वाक्य दुसऱ्याच्या तोंडून आलेलं असायचं, पण ते चिल यांचं असायचं. आणि विषय संपला असं समजून बाकीचे पुढे निघाले, तर त्यांच्याकडे तिसरा शब्द होता. ते म्हणायचे, ‘आणि’. सगळे थांबायचे, त्यांच्याकडे वळायचे, आणि अंदाज पुन्हा सुरू व्हायचे.